एका कान्याचा फरक

डाव्या हाताच्या चार बोटांची कातडी दोनदा सोलून निघाली, तेव्हा कुठं मला गिटारवर एक सुरावट न अडखळता वाजवता आली. तिसऱ्यांदा जी कातडी आली ती टाचेसारखी जाड होती. मधल्या दिवसांत कचेरीत लिहिताना कागदावर रक्ताचे ठिपके पडायचे. हेडक्लार्क विचारायचे, तेव्हा मी ब्लेड लागलं म्हणून सांगायचो. गिटार शिकतो हे सांगायची लाज वाटायची.

मला शिकवणारा माझ्याच वयाचा होता, एकवीस-बावीसचा. राहायचा खोताच्या वाडीत. आमचं घर तिथून चार मिनिटांवर. आमचं घराणं मुंबईतलं जुनं, तीन पिढ्या कारकुनी केलेलं, आणि त्याचा आम्हाला फार अभिमान. त्याचं घराणं आमच्याहून जुनं. या बेटावर भात लावणारी माणसं ती. पोर्तुगिजांनी धर्म बदलला, पण घरातली मराठी काही बदलली नाही. मी गेलो की त्याची आई ओट्यावरची पाटी सरकवून म्हणायची, "बस रं, जेवलास काय?" माझ्या आईला ते एकदा ऐकवलं, तर तिला वाटलं ती बाई आपली चेष्टा करते. ख्रिश्चन बाई घरात अशी मराठी बोलत असेल यावर तिचा विश्वासच बसेना.

वडिलांनी गिटार पहिल्यांदा घरात पाहिली तेव्हा ते जेवत होते. त्यांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, वाजवायला शिकतोय. ते उठले, उष्ट्या हातानं माझ्या कानाखाली एक दिली आणि पुन्हा पाटावर बसून म्हणाले, "याला म्हणतात वाजवणं. आता वाढ भात." भात त्यांनी आईला मागितला होता. कान दोन दिवस गुणगुणत होता. मी एकवीस वर्षांचा होतो, कमावता होतो, आणि मान खाली घालून जेवलो.

मित्राची शिकवायची रीतही मायेची नव्हती. समोर बसायचा, हातात पेन्सिल. बोट मानेवरच्या पडद्याच्या पट्टीपासून मागे पडलं की पेन्सिल त्याच बोटाच्या पेरावर बसायची. "तलवार धरलीस काय? सोड, सोड." जिथं चुकायचो तिथून पुढं जाऊ द्यायचा नाही. तीच जागा पन्नास वेळा, साठ वेळा. शिवाय खिशातला रुमाल काढून तो, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ, तारांच्या खाली कोंबायचा, म्हणजे तारा मुक्या व्हायच्या, नुसता ठक-ठक आवाज. पहिल्यांदा मला वाटलं शेजारी ओरडतात म्हणून असेल. तो म्हणाला, आवाज गोड असला की चूक लपते. मुकं वाजव, म्हणजे तुझी लय कुठं लंगडते ते ऐकू येईल. खरंच ऐकू यायची. माझी लय कायम पुढं पळायची, कोणी मागे लागल्यासारखी. वर्षभर रोज सकाळी कचेरीच्या आधी एक तास असं मुकं वाजवून मी सुधारलो. कोणी आज मला विचारलं की हात कसा तयार करावा, तर मी हेच सांगेन.

पण सुधारणं वेगळं आणि वाजवणं वेगळं. मी सुधारत होतो. तो वाजवत होता. रुमाल काढून तो स्वतः वाजवायला बसला की माझ्या दातावर दात बसायचे. त्याची बोटं दाराच्या फटीत सापडली तर, असं मनात यायचं. एकदा नाही, पुष्कळदा. हे मी कोणाला बोललो नव्हतो.

बोलणं, ओळखी काढणं, लोकांच्या दारात उभं राहणं हे मला जमायचं, त्याला नाही. तेव्हा ठरलं तसं, वाजवणं मुख्य त्याचं, साथ माझी आणि फिरणंही माझं. मी कार्डं छापून घेतली: 'दोन स्पॅनिश गिटार. सुरावटी, गायनाविना.' खाली पत्ता माझा. हेअर कटिंग सलूनमध्ये आरशाच्या कडेला, इराण्याच्या गल्ल्याजवळ, लग्नाच्या हॉलच्या मॅनेजरकडे अशी कार्डं ठेवत गिरगावपासून दादरपर्यंत चालत जायचो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: आणि गाणार कोण? कोणी गाणार नाही म्हटलं की माणसं माझ्याकडे, मी हॉटेल काढलंय पण जेवण मिळणार नाही असं म्हणाल्यासारखी बघायची. दादरच्या एका मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "मग लोकांनी दीड तास बघायचं काय? तुमची तोंडं?"

तोंडं तरी बरी दिसावीत म्हणून मी मित्राला त्याच्या काकाचा काळा सूट घालायला लावला, बो बांधायला लावला आणि फोटो काढून घेतला. त्याला ते आवडलं नव्हतं. गळ्याला काचतं म्हणाला. मी म्हटलं, गायक नाही तर निदान सायब तरी दिसू दे.

जाहिराती मी हातानं रंगवून भिंतींवर चिकटवायचो. त्या दिवसांत भिंतीवर जागा कुठं होती? जिथं बघावं तिथं गेरूनं आणि डांबरानं 'झालाच पाहिजे' लिहिलेलं. एकदा घाईत मी चळवळीच्या पत्रकावर आमची जाहिरात लावली. दोघांनी मला पकडलं. एकानं खळीचा डबा माझ्या डोक्यावर उपडा केला, दुसऱ्यानं मानेला धरून माझं तोंड भिंतीवर घासलं आणि नखांनी तो कागद खरवडून काढायला लावला. कागद निघाला, बरोबर दोन नखंही उलली. त्या आठवड्यापासून मी शर्टाला संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला लावू लागलो, सभांना जाऊ लागलो. निव्वळ भीतीनं नव्हे. मलाही मुंबई महाराष्ट्रातच हवी होती, सभेत ऐकताना अंगावर काटा यायचा. पण सुरुवात त्या खळीपासून झाली, हे खरं. सहा महिन्यांत मी नाक्यावरच्या कार्यकर्त्यांना तोंडओळखीचा झालो. मित्र सभेला येत नसे. म्हणायचा, मुंबई आमचीच होती की, आता ती कोणाला द्यायची याची मारामारी तुम्ही करा.

गणपतीत लालबागच्या एका चाळीनं आम्हाला बोलावलं. संध्याकाळची वेळ, पहिल्या पाळीचे कामगार नाहून-धुऊन बसलेले. सुरुवातीची दोन गाणी लोकांनी ऐकली. तिसरी सुरावट माझी एकट्याची होती, मीच हट्टानं घेतलेली. मी निम्म्यात असताना मागून आवाज आला, "अरे, मास्तरचा घसा बसला काय?" सगळे हसले. लय पळाली. मग एक करवंटी आली ती माझ्या भुवईवर. रक्त डोळ्यात उतरलं. करवंटी कोणी मारली यावरून बाकड्यांच्या दोन रांगांत जुंपली. एका माणसाचं डोकं दुसऱ्यानं बाकड्याच्या कडेवर आपटताना मी एका डोळ्यानं बघत होतो.

त्या गोंधळात मित्रानं वाजवायला सुरुवात केली. ठरलेलं गाणं नव्हतं ते. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजत-गाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, उंबराचं पाणी म्हणतात त्याला. त्या वाटेवर त्याची आजी जे म्हणायची त्याची चाल. तो डोकं खाली घालून वाजवत राहिला. आधी पुढच्या बायका गप्प झाल्या. मग हाणामारी करणाऱ्यांतला एकजण दुसऱ्याची कॉलर तशीच धरून ऐकत उभा राहिला. एक मालवणी म्हातारी म्हणाली, "ही तर आमच्या हळदीची चाल रे." ती चाल त्याला तीनदा वाजवावी लागली. मी भुवईवर रुमाल दाबून साथ केली. माझी साथ कोणी ऐकली असेल असं वाटत नाही.

त्या चाळीत कोणाकडे तरी पाहुणा म्हणून आलेला एक गृहस्थ रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीत होता. त्यानं कार्ड मागून घेतलं. महिन्याभरानं पत्र आलं ते अर्थातच माझ्या पत्त्यावर. मी जिन्यातच फोडलं. त्या दिवशी ज्यांनी शेवटची चाल वाजवली त्यांनी एकट्यानं दादरला येऊन ती वाजवून दाखवावी, पसंत पडल्यास रेकॉर्ड काढू, असं होतं. माझा उल्लेख नव्हता. पत्र मी चार दिवस ट्रंकेत शर्टाखाली ठेवलं. पाचव्या दिवशी त्याला दिलं, कारण त्या गृहस्थानं दुसरं पाठवलं असतं तर मी उघडा पडलो असतो. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "आपण दोघं जाऊ. मी सांगेन त्यांना, दोन गिटार आहेत म्हणून." तो मनापासून बोलला. मला त्याचा राग आला. माझ्यासाठी त्यानं शब्द टाकावा, ही पाळी माझ्यावर यावी.

बोलावलेली तारीख आली ती नेमकी त्या आठवड्यात. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीहून रेडिओवर सांगितलं गेलं आणि गिरगाव पेटलं. ट्रामचे खांब वाकवलेले, रस्त्याचे दगड उपसून ढीग केलेले, अश्रुधुरानं घरातल्या घरात डोळे जळायचे. आमच्या समोरच्या चाळीत एकजण गॅलरीत वाळत घातलेलं धोतर काढायला आला आणि गोळी लागून तिथंच बसला. धोतर हातात होतं. खालच्या मजल्यावरच्या बाईला छतातून थेंब पडले तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी एका शिपायाला लोकांनी त्याच्याच पट्ट्यानं झोडपलेलं मी पाहिलं. तो आई-आई म्हणून ओरडत होता, मराठीतच. मी हात लावला नाही. पण तिथून हललोही नाही.

त्या सकाळी मित्र आमच्याकडे आला. विचारलं, "जायचं काय? सगळा बंद हाय." मी म्हटलं, कंपनीवाले थांबणार नाहीत, आज गेलो नाही तर दुसऱ्या कोणाला घेतील, चालत जाऊ. आणि सूट घाल. कंपनी त्या दिवशी उघडणार नाही हे मला माहीत होतं. दादरपर्यंत एक दार उघडं नसणार होतं. मग मी त्याला का नेलं? याचं उत्तर मी स्वतःला वर्षानुवर्षं वेगवेगळं दिलंय. आज एवढंच म्हणतो, त्याचं काही चांगलं व्हावं म्हणून नेलं नव्हतं.

तो काळा सूट घालून, हॅट घालून, हातात गिटारची काळी पेटी घेऊन आला. मी लेंगा-शर्ट, वर बिल्ला. ठाकूरद्वारच्या नाक्याच्या अलीकडे चौघांनी आम्हाला अडवलं. एक टोपीवाला पोक्त माणूस, एकाच्या हातात सोड्याची बाटली, एकाच्या कपाळाला फडकं बांधलेलं, आणि आणखी एक.

बाटलीवाला म्हणाला, "सायेब, कुठं? वरात हाय काय?" पेटीत काय आहे, विचारलं. कोणाला नाचवायला चाललास, विचारलं. मित्र म्हणाला, "मी हितलाच हाय. वाडीतला." तो घरी जसा बोलायचा तसा बोलला. सुटाबुटातल्या माणसाच्या तोंडून ती भाषा ऐकून त्यांना वाटलं हा आपली नक्कल करतोय. फडकंवाल्यानं एका फटक्यात हॅट उडवली.

मग टोपीवाल्यानं मला ओळखलं. म्हणाला, तुम्ही तर आपले, सभेला असता. हा कोण?

मी आधी शर्टावरचा बिल्ला सरळ केला. मग म्हणालो, ओळखतो, गिटार वाजवतो.

"वाजवतो?" बाटलीवाला म्हणाला. "मग वाजवू दे. नाय तर आपण वाजवू याला."

सगळे हसले. मित्रही हसला. विनोद झाला म्हणजे सुटलो असं त्याला वाटलं असावं. तो खाली बसून पेटीची कडी काढू लागला. टोपीवाला माझ्याकडे वळला. शांत माणूस होता. "बोला," तो म्हणाला. "तुम्ही सांगाल तसं."

मी म्हणालो, "वाजवा."

पुढं स्वतःला मी हेच सांगत आलो की मी मित्राला वाजवायला सांगितलं. त्याची ती चाल ऐकली असती तर लालबागसारखेच तेही विरघळले असते. पण त्या माणसांनी शब्दाचा भलता अर्थ घेतला. ऐकायला पटतं. मराठीत वाजवणं म्हणजे दोन्ही. पण मित्राशी मी जन्मात तूशिवाय बोललो नव्हतो. त्याला सांगायचं असतं तर मी 'वाजव' म्हणालो असतो. 'वाजवा' हे त्याला नव्हतं. ते त्या माणसांना होतं, मान देऊन.

आधी बाटली त्याच्या खांद्यावर फुटली. त्यानं पेटी छातीशी धरली, म्हणून पेटीवरच लाथा सुरू झाल्या. आत लाकूड फुटण्याचा आणि तारा सुटण्याचा आवाज येत होता, कुजबुजल्यासारखा. फडकंवाल्यानं त्याचे केस धरून डोकं मागे ओढलं. पेटी सुटली, उघडली, गिटारची मान निघून आली. तिच्यानंच त्याच्या तोंडावर मारलं. तो आडवा पडताना त्यानं डावा हात पुढं टेकला, फुटपाथच्या कडेच्या दगडावर, बोटं पसरून. कोणीतरी रस्त्यातला उपसलेला दगड दोन्ही हातांनी उचलला. मी ते बघितलं. ओरडायला वेळ होता. दगड डोक्यापर्यंत वर गेला, तिथं थोडा थांबलाही, कारण जड होता. मग खाली आला.

तो बोटांकडे बघत राहिला. दोन बोटं भलतीकडे वळली होती.

तेवढ्यात नाक्यावरून गोळीबार सुरू झाला आणि सगळे पळाले. टोपीवाला वीस पावलांवर पडला, मांडीत गोळी लागून. मी मित्राला पाठीवर घेतलं आणि धुरातून गल्ल्या-गल्ल्यांनी इस्पितळात नेलं. हे मात्र मी केलं. त्याच्या तोंडातलं रक्त माझ्या मानेवरून बिल्ल्यावर ओघळत होतं.

इस्पितळात जमिनीवर माणसं झोपवलेली होती. डॉक्टरनं कुठं लागलं एवढंच विचारलं आणि गोळीबारातले जखमी म्हणून नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते संत्री आणि हार घेऊन आले. प्रत्येक खाटेशी थांबून हात जोडत गेले. मित्राच्या खाटेशी एकजण म्हणाला, ख्रिस्ती असून महाराष्ट्रासाठी हात दिलात. मला म्हणाला, तुम्ही गोळ्यांतून यांना उचललंत. मी नमस्कार केला. मित्र छताकडे बघत होता. गळ्यात झेंडू, डावा हात प्लास्टरमध्ये कोपरापर्यंत.

ते गेल्यावर तो ओठ न हलवता बोलावं तसं बोलला. जबडा सुजला होता. "एक विचारू? मला तू कधीपासनं अहो-जाहो करायला लागलास?"

मी उठून त्याच्या आईसाठी चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा आई बसली होती. त्यानं पुढं कधी काही विचारलं नाही. कोणाला काही सांगितलंही नाही.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती. दोन महिन्यांनी मी कंपनीला पत्र लिहिलं: ते कलावंत आता वाजवत नाहीत, ती चाल त्यांचे सहकारी उत्तम वाजवतात. बोलावणं आलं. मी सूट शिवून घेतला. तारांखाली रुमाल कोंबून ती चाल महिनाभर मुकी घोटली होती, त्यामुळे लय पळाली नाही. रेकॉर्ड निघाली. वर माझं नाव. मी ती घेऊन त्याच सलूनमध्ये, त्याच इराण्याकडे फिरलो. आता कोणी विचारत नव्हतं गाणार कोण. लग्नाचे बँडवाले ती चाल उचलू लागले. मित्राच्या आईनं ती शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली. मला ओट्यावर बसवून म्हणाली, "चांगली वाजवलीस रं. त्याच्या आजीची हाय." मी हो म्हटलं. मित्र आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही.

त्यानंतर माझी दुसरी रेकॉर्ड निघाली नाही. मी सुधारायचाच थांबलो. पेन्सिल मारणारं कोणी नव्हतं. पुढं लग्न झालं, कचेरीत बढत्या मिळाल्या, गिटार कपाटावर गेली. मित्र एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला. दोन बोटं कायमची सरळ राहिली, वाकेनात. रस्त्यात भेटलो की तो मान हलवायचा. मीही.

यंदा जानेवारीत त्याच्या मुलीचं लग्न होतं. त्यानं घरी येऊन आमंत्रण दिलं, रीतीनं. आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला मी गेलो. वाडीतून बँड निघाला, बायका कळश्या घेऊन, मुलगी साडीत. आणि बँडनं तीच चाल धरली. कोणीतरी बँडमास्तरला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, ही रेकॉर्ड यांची. त्यानं कर्णा बगलेत धरून मला वाकून नमस्कार केला. मुलगी कौतुकानं म्हणाली, "अंकल, हे कधी सांगितलं नाही तुम्ही?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. तेवीस वर्षं जे गिळलं ते त्या गल्लीत, बायकांच्या देखत, बाहेर आलं. मी म्हणालो, ही चाल तुझ्या वडिलांची आहे, मी चोरली. आणि त्यांचा हात पोलिसांनी मोडलेला नाही. मी मोडायला सांगितला.

बँड थांबला. मला वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. मित्र गर्दीतून माझ्यापाशी आला. उजव्या हातानं त्यानं माझ्या शर्टाची कॉलर पकडली आणि मला भिंतीवर दाबलं. पंचेचाळिशीतला, चष्मा लावलेला, छापखान्यातला माणूस. डोकं भिंतीला आपटलं, एकदा, दोनदा. तो हळू आवाजात बोलला, फक्त मला ऐकू जाईल असं.

"ती शाळेत सांगायची, माझ्या बाबांचा हात महाराष्ट्रासाठी गेला. निबंध लिहिला होता तिनं. बक्षीस मिळालं होतं. तेवढं ठेवलं होतं मी तिच्यासाठी. ते पण घेतलंस."

मग कॉलर सोडली, तीच नीट केली, आणि बँडकडे वळून चला म्हणाला. विहिरीकडे ते दुसरं काहीतरी वाजवत गेले.

लग्नाला मी गेलो नाही. पंधरा दिवसांनी मुलगी माझ्याकडे आली, एकटी. चहा घेतला नाही. तिनं विचारलं, नक्की कुठला शब्द बोललात? मी सांगितला. ती मराठी शाळेत शिकलेली, तिला समजवावं लागलं नाही. मग म्हणाली, "लिहून द्या. सगळं. नावं नकोत, बाबांचं पण नको. वाडीत लोक त्यांना अजून मानतात. पण मला आणि त्यांना माहीत असलेलं एकच असू दे."

इथपर्यंतचं मी लिहिलं. कचेरीच्या सवयीनं आधी कच्चं, मग पक्कं. ती घेऊन गेली आणि ओट्यावर बसून तिनं ते वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. परवा कागद परत द्यायला आली. मी विचारलं, काही म्हणाले? ती म्हणाली, मधे दोनदा उठून गेले, पण परत येऊन बसले. शेवटी मुद्रितं तपासतात तसं बोट ठेवून एकच चूक दाखवली. अडवणारी माणसं मी चार लिहिलीत. बाबा म्हणतात तिघं होती.

ती गेल्यावर मी खूप आठवून पाहिलं. टोपीवाला आठवतो, बाटलीवाला, फडकंवाला. चौथ्याचा चेहरा काही येईना, कपडेही येईनात, फक्त एक शब्द ऐकू आला. खोडायला पेन उघडलं, आकड्यावर धरलं, आणि मग तसंच बंद करून ठेवलं. चार बरोबर आहेत.